पहिली कॉमेंट

"अम्मा, तें अंशाचें गोल चिन्ह कोठें दडलें हो?"

प्लायवूडच्या फळीपलीकडून राव सारांनी विचारलं. विद्युलताने घड्याळाकडे पाहिलं. साडेदहाला पाच मिनिटं होती.

"ऑल्ट दाबून धरा आणि शून्य एक सात सहा."

"काल लिहून घ्यावयास विसरलों."

"परवाही विसरला होतात."

वेस्ट मांबलमच्या त्या ब्राउझिंग सेंटरमध्ये आठ कॉम्प्युटर होते, पण धड चालणारे कीबोर्ड दोनच. तीन नंबरचा राव सार अडवून बसत, चार नंबरचा ती. पहिल्या दिवशी ती वैतागून "काय कटकट आहे" असं पुटपुटली होती, चेन्नईत कोणाला कळतंय या भरवशावर. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "आम्ही तंजावरचे. कटकट आम्हांसही कळते, अम्मा." तेव्हापासून पुटपुटायचीही चोरी झाली होती.

पन्नाशी उलटलेले गृहस्थ, कपाळावर गंध, वहीत चौकोनच चौकोन आणि त्यांत अंश. पत्रिका करणारे असणार. मांबलममध्ये गल्लीला एक असतो. दोन बोटांनी टाइप करत, मधेच गुणगुणत, आणि अकराच्या सुमारास हटकून खूश होऊन टेबलावर थाप मारत. फळी हादरे. कोणाचा तरी गुरू उच्चीचा निघाला, असं म्हणून विद्युलता दात आवळून घेई.

जानेवारीत इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्याने तिला घरी बसवलं. २००९ची मंदी; गाड्या खपत नव्हत्या, मग गिअर कोणाला हवेत? बारा वर्षं भट्टीपाशी काढलेली बाई तीन महिन्यांत कोणाच्या आठवणीतही उरली नव्हती. अर्ज जात होते, उत्तरं येत नव्हती. त्यात तिच्या नवऱ्याला, रत्नाकरला, बँकेने सावंतवाडीची बदली देऊ केली. तिथे लाकडाची खेळणी होतात. गिअर होत नाहीत.

"अर्ज कोण वाचतं?" युक्ती रत्नाकरचीच. "नामांकित माणसाच्या ब्लॉगवर जा. रोज कॉमेंट टाक, मुद्द्याची. पहिली टाक, सातवी कोणी वाचत नाही. नाव दिसत राहिलं पाहिजे."

नामांकित माणूस सापडला. 'फर्नेस नोट्स' नावाचा इंग्रजी ब्लॉग. खाली सही फक्त जी.आर., एखाद्या सरकारी ठरावासारखी. उष्णता-प्रक्रियेवर इतकं नेमकं लिहिणारा माणूस तिने पाहिला नव्हता. रोज सकाळी साडेदहाला नवा लेख. ऑफिसात आल्याबरोबर लिहीत असणार. स्वतःची केबिन असणार, हाताखाली माणसं असणार.

ती दहा चाळीसला कॉमेंट टाकी. खाली नाव: व्ही. देसाई, हीट ट्रीटमेंट, इरुंगाट्टुकोट्टै; सोबत मेलचा पत्ता. 'माजी' हा शब्द नव्हता. खोटं काही नव्हतं, अपुरं होतं.

जी.आर.ने एकाही कॉमेंटला उत्तर दिलं नाही. बासष्ट झाल्या. इतरांना तो 'धन्यवाद' तरी म्हणे. तिच्या कॉमेंटखाली नुसती पांढरी जागा.

"घमेंडखोर आहे," ती रत्नाकरला म्हणाली.

"मोठी माणसं असतातच. पण वाचत असेल."

तसा पुरावा तिच्याकडे होता. पूर्वी तो तापमानापुढे इंग्रजीत 'डिग्री' असं अक्षरांत लिही. अलीकडे नीट गोल चिन्ह देऊ लागला होता, तिच्या कॉमेंटमध्ये असे तसं. तिला जरा बरं वाटलं होतं. शिवाय तिचा एकही लेख चुकला नव्हता. गेल्या गुरुवारी गल्लीत दिवसभर वीज नव्हती, सेंटर बंद. पण नशिबाने त्या दिवशी जी.आर.नेही काही लिहिलं नव्हतं.

आज मात्र शेवटचा दिवस. संध्याकाळपर्यंत रत्नाकरला साहेबांना हो किंवा नाही सांगायचं होतं.

आजचा लेख होता तेलात बुडवल्यावर गिअर का तडकतो यावर. तिने जीव ओतून लिहिलं. तेल साठ अंशांना ठेवावं, तासाच्या आत गिअर पुन्हा तापवावा, आणि मुख्य म्हणजे घाईत असलेल्या वरिष्ठाचं ऐकू नये. टाकली. त्रेसष्टावी.

पलीकडे टेबलावर थाप पडली. फळी हादरली.

"सार," ती म्हणाली, "जरा हळू."

"क्षमा असावी. अम्मा, आणखी कोंजम त्रास. ई-मेलीस कागद जोडावयाचा तो कैसा?"

"टाचणीचं चित्र आहे ना, त्यावर क्लिक करा. कोणाची पत्रिका पाठवताय?"

"आमचीच म्हणा की."

फोन वाजला. रत्नाकर. "साहेब विचारतायत. सावंतवाडीला हो म्हणू ना?"

ती बोलणार, तेवढ्यात पडद्यावर नवी मेल उमटली. पाठवणारा: फर्नेस नोट्स.

"थांब," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला. "काही सांगू नकोस. त्याचं पत्र आलंय."

"बघ. मी म्हणत नव्हतो?"

तिने फोन कानाशी तसाच धरून मेल उघडली. इंग्रजीत होती.

'आदरणीय देसाई सर, रोज सर्वांत आधी आपली कॉमेंट येते आणि माझा दिवस चांगला जातो. ती इतकी अचूक असते की उत्तर द्यायचं धाडस कधी झालं नाही. गेल्या ऑक्टोबरात आमचं युनिट बंद पडलं. घरी बसून राहवत नाही, म्हणून रोज वही घेऊन बाहेर पडतो आणि लिहितो. आपल्यासारख्या मोठ्या माणसाच्या नजरेस यावं एवढीच आशा. आपल्या खात्यात एखादी जागा असल्यास विचार व्हावा. बायोडेटा जोडला आहे. आपला नम्र, गिरीधर राव.'

"काय म्हणतोय?" रत्नाकर विचारत होता. "विद्या? काय लिहिलंय?"

फळीवर हलकेच दोनदा टकटक झाली.

"अम्मा, शेवटचें एक. आमचें पत्र त्यांस पोचलें कीं नाहीं, हें कैसें कळावें?"

विद्युलताने फोन खाली ठेवला.

"पोचलं," ती म्हणाली.