पांढऱ्या छताची शाळा

खुर्च्या विकत घेणारा माणूस ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच येऊन खुर्च्या घेऊन गेला, त्यामुळे मुलींची शाळा ठरवायची बैठक खोक्यांवर भरली. बाप 'काच, जपून' असं लिहिलेल्या खोक्यावर बसला होता. आई त्याला सारखी उठवत होती आणि तो फेरी मारून परत तिथेच येऊन बसत होता.

"दोनच शाळांत जागा उरलीये," आई म्हणाली. "आज शाळा सुटायच्या आत कळवायचंय. लाल छताची की पांढऱ्या छताची?"

शाळांना नावं होती, पण घरात ती कुणी घेत नव्हतं. बाप उंच इमारतींच्या बांधकामावर क्रेन चालवायचा. कुठलीही गोष्ट वरून बघितली की कळते, असं त्याचं ठाम मत होतं. लग्नाआधी त्याने आईचं घरसुद्धा क्रेनमधून बघून ठेवलं होतं. "टाकीला झाकण होतं," तो अजूनही सांगायचा. "म्हटलं, माणसं चांगली असणार." आता नवं गाव दोन दिवसांच्या प्रवासाइतकं लांब होतं, म्हणून तो मोबाईलच्या नकाशात शिरून दोन्ही शाळांच्या छतांवर घिरट्या घालत होता.

"पांढरी," तो म्हणाला. "हे मैदान बघ. पट्टेसुद्धा आखलेत. पोरी धावतील."

"मी विचारलं फोन करून. ते शेजारच्या दुकानाचं पार्किंग आहे."

बाप उठला, रिकाम्या खोलीत एक चक्कर मारून आला. "सुट्टीच्या दिवशी गाड्या नसतील."

"सुट्टीच्या दिवशी शाळा तरी कुठे असेल, अहो!"

"लाल शाळेत झोपू देतात का?" धाकटीने विचारलं. ती पहिलीत जाणार होती आणि आयुष्याकडून तिच्या फारशा अपेक्षा नव्हत्या.

"लाल शाळेत संडास स्वच्छ आहेत," आई म्हणाली. आई दवाखान्यात एक्स-रे काढायची. आतून बघितल्याशिवाय तिचा कशावरच विश्वास बसत नसे. तिने दोन्ही शाळांना फोन करून संडास दाखवायला सांगितले होते. लाल शाळेच्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर एकेक दार उघडून दाखवलं. पांढऱ्या शाळेच्या बाईंनी फोन ठेवून दिला.

"मग लाल," बापाने हत्यारं टाकली. "लावा फोन."

"पांढरी," मोठी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. जायचं ठरल्यापासून मोठी फक्त "हं" म्हणत होती. जेवायला ये, हं. तुझी सायकल विकली, हं. तुझी मैत्रीण खाली कधीची थांबलीये, त्यालाही हं, आणि मग बराच वेळ बाथरूमचं दार बंद.

"का गं?"

तिने बापाच्या हातातून मोबाईल घेतला आणि छतावरून सरळ खाली रस्त्यावर उतरली. बापाला जरा गरगरलं. जग या बाजूने बघायची त्याला सवय नव्हती. पडद्यावर शाळेचं गेट आलं. गेटपाशी एक मुलगी उभी होती. निळं दप्तर, एक वेणी सुटलेली, चेहरा पुसट केलेला. रस्त्याचे फोटो काढत फिरणारी ती गाडी सगळ्यांचेच चेहरे पुसते.

"ही आहे तिथे," मोठी म्हणाली.

"ओळखीची आहे?"

"तोंड कुठाय ओळखायला?"

आईने मोबाईल खिडकीपाशी नेऊन उजेडावर धरला. सवय. आणि सवयीनेच तिची नजर आधी कोपऱ्यात गेली. फिल्म हातात आली की आधी कोपरा वाचायचा, नाव, तारीख, डावं की उजवं, हाडं नंतर. फोटोच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत साल होतं. त्या साली मोठी रांगत होती.

आईने कोपरा दुसऱ्यांदा वाचला. हे घरात पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे बाप घाबरून उभा राहिला. ती परत आली आणि कोपऱ्यावर अंगठा दाबून तिने मोबाईल सगळ्यांसमोर धरला.

"छान आहे हो मुलगी," ती म्हणाली. "नीटनेटकी."

"आई, अंगठा काढ. मी वाचलंय."

अंगठा निघाला. बापाने वाकून साल वाचलं, बोटांवर हिशोब केला. "अगं, म्हणजे ही आता नोकरीला लागली असेल!"

"माहितीय मला."

"मग?"

मोठी खोक्यावरची चिकटपट्टी नखाने सोलत राहिली. "शाळा सुटलीये. बाकीचे सगळे गेलेत, बघा ना. ही थांबलीये कुणासाठी तरी." पट्टी टरकन निघाली. "म्हणजे त्या शाळेत थांबतात."

आईने स्वतःचा मोबाईल काढला आणि पांढऱ्या शाळेचा नंबर लावला. रिंग वाजू लागली. तेवढ्यात बापाने बोट लावून फोटो एक पाऊल पुढे सरकवला. मुलगी तिथेच होती. आणखी एक पाऊल. आता तिची मान रस्त्याच्या टोकाकडे वळली होती.

"येतेय वाटतं ती दुसरी," बाप म्हणाला.

"कुठेय? पुढे घ्या ना, बाबा."

बाप पुढे गेला. भिंत. विजेचा खांब. एक कुत्रा, त्याचंही तोंड पुसट केलेलं. बंद दुकान. मग चौक आला. कुणीच नव्हतं.

"हॅलो?" आईच्या हातातून पांढऱ्या शाळेच्या बाई विचारत होत्या. "हॅलो, कोण बोलतंय?"

तेवढ्याशा पडद्यावर चार डोकी एकमेकांना आपटत होती.

"अहो, उजवीकडे वळा," आई म्हणाली. "तिकडून येत असेल."