नमुना क्रमांक सात

डॉ. इरमच्या शोधनिबंधाचा हवाला जगभरातल्या बाराशे संशोधकांनी दिला, म्हणून विद्यापीठात तिचा सत्कार झाला. टेंभुर्णीजवळच्या एका वस्तीवरच्या हापशात कपाशीवरचं कीटकनाशक उतरलं होतं आणि त्यानं माणसांच्या किडन्या निकामी होत होत्या, हे तिनं त्यात सिद्ध केलं होतं. निबंधात त्या हापशाला नाव नव्हतं. नमुना क्रमांक सात, एवढंच.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी ती नऊ वर्षांनी त्या वस्तीवर गेली. नमुने घ्यायला आली तेव्हा तिला भाकरी खाऊ घालणाऱ्या सुगंधाबाई बाजेवर पडून होत्या. चेहरा न् पाय सुजलेले. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, असं सून शिवकन्यानं सांगितलं.

"मावशी, पाणी कुठलं पिता?"

"हापशाचंच की. मधी त्याला वास येत व्हता, तर मी लांबच्या विहिरीवरून आणू लागल्ते. मंग तुम्ही बाटल्या भरून नेल्त्या. म्हनलं, पाण्यात खोट असंल तर बाई सांगायला येईलच. लई वाट पाह्यली. तुम्ही आल्या न्हाईत, तवा समजले, पाणी बिलकुल चांगलंय."



"मावशी, पाणी खराबच होतं. मला तेव्हाच कळलं होतं."

 सुगंधाबाई कशाबशा उठून बसल्या आणि आत हाक मारली,

"शिवकन्ये, जल्दी शाळेत जा. पोरीच्या बाटलीतलं पाणी फेकून दे."