एकोणपन्नासावं आयंबिल

गुरुवार, २१ नोव्हेंबर १९७४. सकाळी सव्वानऊला सोहनलालच्या धुळ्याच्या घरातून तिसरी आणि शेवटची बास गिटार बाहेर पडली.

न्यायला लोटन आला होता. जळगावच्या ऑर्केस्ट्रात तो ड्रम वाजवायचा आणि नऊ वर्षं सोहनलालच्या शेजारी बसायचा. पेटी उचलता उचलता तो थबकला.

"भाऊ, बठ्ठं दी टाकं. आते हातले चैन पडी का?"

"हाताला काय, कापड मोजायचं आहेच. घरात माणूस राहिलं पाहिजे."

लोटनने आवाज खाली आणला. "वैनीनी तब्येत कशी शे?"

"तशीच."

त्याच्या बायकोचं, प्रेमकुंवरचं, आज एकोणपन्नासावं आयंबिल होतं. दिवसातून एकदा जेवायचं, तेही उकडलेलं. मीठ नाही, तेल नाही, दूध-तूप नाही. तिने अभिग्रह धरला होता. मनात एक अट योजायची आणि ती पुरी होईपर्यंत असंच जेवायचं. अट कोणाला सांगायची नाही, सुचवायचीही नाही. आपसूक घडली तरच पारणं, म्हणजे व्रत सोडायचं. सोमवारी डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि सोहनलालला बाहेर घेतलं. "अजून पंधरा दिवस असं चाललं तर मला बोलावू नका," ते म्हणाले.

अट काय असावी हे ओळखायला सोहनलालला वेळ लागला नव्हता.

नवं वाद्य त्याने कधी घेतलं नाही. कोणाच्या तरी बोटांखाली झिजलेलं लाकूड त्याला लागे. पहिली, काळी, मुंबईच्या हॉटेलात वाजवणाऱ्या एका गोव्याच्या म्हाताऱ्याकडून आणलेली. अंगठा टेकायच्या जागी तिचा रंग उडून आतलं लाकूड दिसे. दुसरी, लाल, बोटीवरच्या खलाशाची. तिसरी पिवळी, १९५७ सालची. सराव दुकानावरच्या गोदामात, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये बसून. घरात त्याने एकदाही तार छेडली नाही. वडील होते तोवर मनाईच होती, ते गेल्यावर सवय उरली. घरात फक्त कपाटावर ठेवलेल्या पेट्या.

पिवळी आणली त्या संध्याकाळी प्रेमकुंवर उघड्या पेटीपाशी बराच वेळ उभी होती.

"हिला चारच तारा?"

"चारच."

"कार्यक्रमाला बायका येतात का हो?"

"येतात. चांगल्या घरच्या नाही येत."

ती आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी जैन साध्वी उतरल्या होत्या त्या स्थानकात जाऊन तिने अभिग्रह घेतला.

सोहनलालची विधवा आत्या पानबाई याच घरात राहत होती. तिला सगळे भुवाजी म्हणत. सुनेच्या व्रताचा तिने एका दमात निकाल दिला. "एक नाही, तीन-तीन सवती आणून कपाटावर बसवल्यास. बिनणीच्या घशाखाली घास उतरेल कसा?"

ते बोलणं सोहनलालच्या डोक्यातून जाईना.

पंचविसाव्या दिवशी काळी पाचोऱ्याला गेली. संध्याकाळी प्रेमकुंवरने विचारलं, "कुठली गेली?"

"काळी."

"आवाज कसा होता तिचा?"

"आता टोमणे कशाला? दिली ना?"

ती कुशीवर वळली. दुसऱ्या दिवशी चुलीवर पुन्हा बिनमिठाचे मूग शिजले. अडतिसाव्या दिवशी लाल बोदवडला गेली. मूग शिजतच राहिले.

आज लोटन पेटी बंद करत होता तेव्हा प्रेमकुंवर भिंत धरत बाहेरच्या खोलीत आली. तिने पिवळ्या लाकडावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा काढून घेतला. काही बोलणार होती, पण ओठ मिटून घेतले.

"जाते आहे," सोहनलाल म्हणाला. "संपलं सगळं."

लोटन गेला. भिंतीला टेकून ती खाली बसली. सोहनलालने तिला उचलून आतल्या खाटेवर नेलं. अंगाचं वजन असं नव्हतंच.

दुपारी प्रेमकुंवरच्या ताटात मूगच होते.

"घरातून गेल्या," भुवाजी म्हणाली, "पण तुझ्या हातातून गेल्या का? दिवाळी झाली, होळीला चौथी आणशील. पोरीला का ते कळत नाही?"

सोहनलाल अर्ध्या ताटावरून उठला. अडीच वाजता तो स्थानकात थोरल्या साध्वींसमोर, महासतीजींसमोर, हात जोडून उभा होता. बास गिटारच काय, कुठल्याही वाद्याला जन्मभर हात लावणार नाही, असा नियम त्याने मागितला.

"जन्मभराचा मागतोस. विचार केलास?" महासतीजींनी विचारलं. "हा नियम दिला की परत घेता येत नाही. मलाही नाही."

"केला."

महासतीजींनी पाठ म्हणून नियम दिला. परत येताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर आपोआप चालू झाली. त्याने मूठ आवळली आणि घर येईपर्यंत उघडली नाही.

"नियम घेतला," त्याने खाटेपाशी वाकून सांगितलं. "जन्मभराचा. आता कधीच नाही."

प्रेमकुंवरने डोळे मिटले. दोन्ही कडांनी पाणी उशीवर उतरलं. सोहनलालला इतक्या दिवसांनी हायसं वाटलं. "भुवाजी, तूप काढा," त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली. "पारण्याचं बघा."

भुवाजीने तूप काढलं, मुगाचं पाणी पातळ करून त्यात मीठ घातलं आणि वाटी खाटेपाशी आणली. प्रेमकुंवरने मान हलवली. नको.

"अगं, अजून काय राहिलं?" सोहनलालचा आवाज चढला. "अजून काय देऊ?"

चार वाजता महासतीजी मांगलिक, म्हणजे मंगलपाठ, ऐकवायला घरी आल्या. मांगलिक झालं. त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग प्रेमकुंवरच्या पांढऱ्या पडलेल्या नखांकडे.

"बाई, जिवावर बेतलं की गुरुणीजवळ बोलायला दोष नाही. अट सांग. संघ आहे, मी आहे, आजच पुरी करवून घेते."

प्रेमकुंवरने आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग महासतीजींकडे.

"ह्यांनी एकदा घरात, माझ्यासमोर बसून वाजवावं," ती म्हणाली. "एवढंच होतं."