बेसूर, पण तोंडपाठ

“सर, तुमची रागदारी टिकणार की आमचं रॅप?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तिने संगीताच्या सरांना भर वर्गात विचारलंच.

सरांनी पेटी थांबवली. “तुझ्या घरी कोण गातं?”

“बाबा. दाढी करताना. एकच जुनं गाणं, तेही बेसूर.”

“म्हणून दाखव.”

मैत्रिणींनी ‘फाटका भोंगा’ असं नाव ठेवल्यापासून तिने चारचौघांत गायला तोंड उघडलं नव्हतं. पण विषय तिनेच काढला होता, आता माघार कसली! डोळे गच्च मिटून तिने सुरुवात केली. सूर कुठच्या कुठे भरकटला. तरी दुसऱ्या ओळीला अख्खा वर्ग तिच्यासोबत गात होता. प्रत्येकाच्या घरचे शब्द निराळे, आणि सगळेच चुकीचे!

सर पोट धरून हसले. “इतकं चुकूनही ओळखू येतं ना, ते टिकतं बाई. आणि ते टिकवतात तुझ्या बाबांसारखे लोक.”

घरी पोचल्यावर दप्तरही न उतरवता तिने जाहीर केलं, “आई, बाबा, मी समूहगानात नाव दिलंय. निवड होवो न होवो, मी आजपासून गाणार. कानांत बोळे घालायचे असतील, तर आत्ताच घालून घ्या!”