फेकलेला नारळ

"आमच्या रंगाच्या कारखान्याचा थेंबही या खाडीत गेला नाही," असं ठोकून देत रणदिवेशेटनी कंपनीच्या रंगात माखलेला नारळ उचलला.

"शेट, पौर्णिमेचा नारळ हातानं सोडायचा असतो," चांगुणा कोळीण म्हणाली. "खाडी साफ करणारे यंत्रमासे फेकलेलं ज्याचं त्याला परत देतात."

"मला शिकवू नकोस." कॅमेऱ्याकडे बघत शेटनी नारळ भिरकावला.

माशांनी तो हुंगला आणि शेटच्या पायाशी आणून ठेवला. खाडी निवळली होती, पण तळाचा विषारी चिखल तसाच होता. त्याचा मालक माशांना सापडत नव्हता. चिखलाला नारळावरच्या रंगाचाच वास होता. थोड्याच वेळात हजारो मासे तोंडात चिखल घेऊन धक्क्यावर चढू लागले.

चांगुणानं नाकाला पदर लावला.

"घ्या, शेट. चाळीस वर्षं सांभाळलं तुमचं."