बोराएवढा गोळा

नव्या रायपूरच्या काचकलेच्या संग्रहालयात एका लांब टेबलावर काचेचे गोळे ओळीने मांडले होते. तोंडाने फुंकून केलेले. पहिला कलिंगडाएवढा, मग एकेक लहान होत शेवटचा बोराएवढा.

गाइड मुलगी सांगत होती, “ये गंधाली जी के आख़िरी साल का काम है. साइज़ उन्होंने जानबूझकर घटाया. शून्य की ओर यात्रा.”

लोकांनी माना डोलावल्या. मागे उभी असलेली मीरा नवऱ्याच्या, नानांच्या, कानाशी पुटपुटली, “यात्रा कायची हो? दम पुरत नव्हता आपल्या पोट्टीचा.”

गर्दी पुढे सरकल्यावर नाना शेवटच्या गोळ्याकडे गेले आणि हात पुढे केला.

“अंकल, छूना मना है,” गार्ड म्हणाला.

नानांनी हात मागे घेतला, पण वाकून बघतच राहिले.

“मीरा, हा सगळीकडून बंद हाय ना?”

“हव. काच गरम असतानाच गोळ्याचं तोंड बंद करत होती ती. काहून?”

“मग तिचा श्वास हाय आतमधी. थोडासाच हाय, पण हाय.”