विकलेलं हसू

लेकीच्या उष्टावणाच्या फोटोसाठी हेरंबने सगळ्यांना उभं केलं. त्याची आई हसली आणि लगेच तिच्या चेहऱ्यावर फोटो-एजन्सीच्या करड्या पट्ट्या उमटल्या. तिच्या हसऱ्या फोटोचे सगळे हक्क त्याने त्या एजन्सीला केव्हाच विकले होते. आता डोळ्यांत भिंग बसवलेल्या कुणालाच तिचं हसू दिसत नसे, आणि भिंग तर सगळ्यांनाच होतं.

"आई, गंभीर राहा ना जरा."

"राहते बाबा." तिने सवयीने पदर तोंडाशी धरला.

"तेवढा एकच फोटो खपला माझा," तो थकल्या आवाजात म्हणाला.

"असू दे रे. घर चाललं ना त्यावर."

नातीला भिंग पुढच्या आठवड्यात बसायचं होतं. आई सगळ्यांकडे पाठ करून तिच्यावर वाकली आणि तिने पदर सोडला. बाळ खिदळायला लागलं. हेरंब आईचं हसू कसं होतं ते आठवत उभा राहिला.